माणूस कसाय?

वाईट वागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण वाईट वागल्यावर गोड कसं बोलायचं, याची रीतसर शिकवणी लावणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती शेंद्रा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात. त्या शिकवणीसाठी त्यांनी पुण्याहून माणूस मागवला होता. त्याच्या ताटात पनीर होतं, आमच्या ताटात नेहमीचा बटाटा.

मी तिथे क्वालिटीच्या लॅबमध्ये काम करते. गाड्यांच्या गिअरमध्ये बसणाऱ्या लहान पिना आम्ही बनवतो. पिन भट्टीत तापवून कडक करतात, मग तिचा ट्रे माझ्या खिडकीशी येतो, मी मशीनवर कडकपणा तपासते आणि पास किंवा फेल म्हणते. भट्टीवर जे भाई होते ते माझ्याशी रोज भांडायचे. लॉट फेल झाला की खिडकीत कोपर टेकवायचे आणि म्हणायचे, "ताई, आधी तुमचं मशीन तपासा. त्याला चष्मा लागलाय." मी म्हणायची, "भाई, तुमच्या भट्टीला ताप आलाय, डॉक्टर बोलवा." मग दोघं मिळून पुन्हा तपासायचो. लॉट खरंच फेल निघाला तर ट्रे उचलून मुकाट परत न्यायचे. त्यांचं बरोबर निघालं तर दिवसभर येता-जाता माझ्या खिडकीवर टिचकी मारायचे. उस्मानपुऱ्यात ते आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे कंपनीच्या बसमध्येही हे भांडण सुरूच असायचं. बसमधले लोक वैतागायचे. आम्ही दोघं मात्र मजेत असायचो.

मग पुण्याच्या हेड ऑफिसने ठरवलं की भट्टी बंद करायची आणि ते काम बाहेर द्यायचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते गेटवरच्या मशीनने. तोंड दाखवलं की हिरवा दिवा लागतो आणि फाटक उघडतं, असं ते मशीन आहे. तोंडाला रुमाल बांधला तरी माणूस ओळखतं. त्या सकाळी भाईंच्या तोंडासमोर ते लाल झालं आणि लालच राहिलं. मी रांगेत त्यांच्या मागेच उभी होते.

"आरं बाबा, तोंड धुवून आलोय. नीट बघ की," भाई मशीनला म्हणाले. सगळे हसले. मग भट्टीवरच्याच दुसऱ्या एकासमोर लाल दिवा लागला, मग पॅकिंगमधल्या एकीसमोर. हळूहळू हसणं थांबलं. रोज भाईंच्या डब्यातला घास खाणारा वॉचमन स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. त्यांना सगळ्यांना बाजूच्या खोलीत बसवलं, एकेकाच्या हातात पाकीट दिलं आणि त्याच बसने परत पाठवलं. हिशेब कायद्याप्रमाणे चुकता केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतकी वर्षं ज्याच्या भट्टीवर ही कंपनी उभी होती त्याला 'उद्यापासून येऊ नका' हे सांगायला एक माणूस पुढे आला नाही. ते काम त्यांनी दिव्याला दिलं.

आमचे एचआरचे साहेब त्या वेळी वर खिडकीत होते. पडद्याआडून बघत होते, कारण पडदा हलत होता. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ते मूळचे बिडकीनचे. घरी फोनवर बोलताना त्यांचं 'व्हय' आणि 'नाय' मी कानांनी ऐकलेलं आहे. पण केबिनमध्ये शिरले की ते जिभेवर इस्त्री फिरवतात. कुणी रडत आलं तर म्हणतात, "आपण याकडे संधी म्हणून पाहूया." रडणारा माणूस गोंधळून रडायचा थांबतो, आणि साहेबांना वाटतं की आपल्याला बोलण्याची कला साधली आहे.

लाल दिव्यानंतर आठवडा उलटायच्या आत ती शिकवणी झाली. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली, खुर्च्या गोल मांडल्या. पुण्याचे सर कॉलरला माइक लावून आले. कँटीन ते केवढं, त्यात माइक कशाला लागतो ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी सांगितलं की सहकारी गेल्यावर मागे राहिलेल्यांनी नीट संवाद साधणं फार महत्त्वाचं असतं. हे वाक्य मला पटलं. दुर्दैवाने ते पुढेही बोलत राहिले.

'कपात' म्हणायचं नाही, 'पुनर्रचना' म्हणायचं. 'काढलं' म्हणायचं नाही, 'ते पुढच्या प्रवासाला निघाले' म्हणायचं. आमच्याकडे पुढच्या प्रवासाला माणूस एकदाच निघतो आणि चौघांच्या खांद्यावरून निघतो, हे सरांना कुणी सांगितलं नाही. मग जेवणाची ताटं हातात असतानाच जोड्या पाडल्या. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, 'मी तुमच्या भावना समजू शकतो.' माझ्या जोडीला स्टोअरचे काका आले. रिटायर व्हायला आलेला, कुणाचीही भीडभाड नसलेला माणूस. त्यांनी माझ्या डोळ्यांत टक लावून बघितलं आणि एका दमात म्हणाले, "मी तुमच्या भावना समजू शकतो, तुमच्या ताटातला पापड खाणार नसाल तर मला द्या." मी पापड दिला. त्या दुपारभरात तेवढाच एक खरा संवाद झाला.

शेवटी सर मुद्द्यावर आले. गेलेल्या लोकांबद्दल बाहेरून कुणाचा फोन आला तर काय बोलायचं? एकच वाक्य बोलायचं: 'त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.' आवाज शांत ठेवायचा, वाक्याआधी श्वासभर थांबायचं. एचआरनेही एवढंच बोलायचं. चांगलं नाही, वाईट नाही. सरांच्या भाषेत 'न्यूट्रल'.

आता ज्याला आमचा हा भाग माहीत नाही त्याला यात काही वावगं वाटणार नाही. म्हणून सांगते. वाळूज असो, चिकलठाणा असो, शेंद्रा असो की आता बिडकीन, इथे नोकरीसाठी अर्ज, मुलाखत, सगळं रीतसर होतं, पण माणूस घेतला जातो तो एका फोनवर. नवी कंपनी जुन्या कंपनीत फोन लावते आणि विचारते, "तुमच्याकडं होता तो, माणूस कसाय?" समोरचा म्हणतो, "घ्या डोळे झाकून." नाहीतर म्हणतो, "कामाला चांगला, जरा तापट आहे." तापट असला तरी घेतात. पण समोरचा थांबला, घसा खाकरला आणि म्हणाला, "त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही," की विषय संपला. त्याचा अर्थ असा की गड्याने डब्यातून भंगार नेलं, किंवा सुपरवायझरवर हात उचलला, किंवा पिऊन आला आणि मशीनवर झोपला. ज्याचं वाईट बोलायलासुद्धा लाज वाटते, त्याच्यासाठी राखून ठेवलेलं वाक्य आहे ते. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना कळतं.

स्टोअरच्या काकांनी हात वर केला. "सर, आसं बोललं तर लोकं येगळंच समजतेत."

सर हसले. "काका, आपण न्यूट्रल राहायचं. समोरचा काय समजतो ती त्याची जबाबदारी."

मी साहेबांकडे बघितलं. म्हटलं, बिडकीनचा माणूस आहे, आता तरी तोंड उघडेल. साहेबांनी सरांच्या बोलण्यावर मान डोलावली. त्या क्षणी ते माझ्या मनातून उतरले ते उतरलेच.

भाईंनी चार दिवस घरी बसून काढले असतील, मग लगेच शोधाला लागले. बिडकीनकडे एका नव्या प्लँटमध्ये आमच्यापेक्षा मोठी भट्टी आहे. तिथे त्यांना दोनदा बोलावलं, भट्टी चालवून बघायला लावली, चहा पाजला आणि बुटाचा नंबर विचारला. बुटाचा नंबर विचारला म्हणजे काम झालं, स्टोअरमधून नवे सेफ्टी बूट काढायला सांगतात तेव्हाच नंबर विचारतात. भाईंनी घरी बिर्याणी करायला लावली. त्यानंतर तिथून फोन आलाच नाही. मग चिकलठाण्याला एका ठिकाणी असंच झालं, तोंडभरून कौतुक आणि मग चिडीचूप. नंतर आणखी एका ठिकाणी तेच.

एका रविवारी संध्याकाळी भाई आमच्या दारात आले. या म्हटलं तर आत येईनात. चप्पलही काढेनात. रोज माझ्या मशीनला नावं ठेवणारा हा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून माझ्या दाराच्या कडीकडे बघत होता.

"ताई, एकच विचारायचंय. खरं सांगा, वाईट वाटून नका घेऊ."

"काय झालं भाई?"

"मी कंपनीत काय केलं का? माझ्या हातून काही झालं असंल, कुठला लॉट, काही सामान... तुमच्या कानावर आलं असंल तर सांगा. बिडकीनला आमच्या वळखीचा एक जण आहे. त्यानं सांगितलं, तुमची कंपनी तुमच्याबद्दल बोलायलाच तयार नाय. मेव्हणा पण इचारतोय, क्या करके निकले बोल्के. मी काय सांगू त्याला? मेरेकूच नई मालूम मैं क्या किया."

मला इतका राग आला होता की तोंडातून शिवीच आली असती. तुमचं काहीही चुकलेलं नाही, असं मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. पटेल कसं? ज्याला आपली बाजू मांडायची आहे त्याला आधी आरोप तरी कळायला हवा. यांच्यावर आरोपच नव्हता, आणि तरी सगळ्यांच्या नजरेत ते चोर झाले होते. घर चालवायला भाईंची दोन्ही मुलं कमवती आहेत, उपाशी कुणी मरत नव्हतं. पण एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव माणसाच्या नकळत बुडत होतं, आणि ते बुडवायला आमच्या कंपनीने पुण्याहून सर आणले होते.

दुसऱ्या दिवशी मी बिडकीनच्या त्या प्लँटचा नंबर मिळवला आणि तिथल्या मॅनेजरला फोन लावला. माणूस सभ्य होता. मी म्हटलं, भट्टीवाल्या भाईंचं काम मी रोज तपासत आलेय, डोळे झाकून घ्या. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही चांगलं म्हणताय, खरं असंल. पण मग तुमची कंपनी का म्हणत नाही? एचआरला विचारलं तर तुमचे साहेब दम खाऊन बोलले, काही सांगता येणार नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी हाताची बोटं एकमेकांत गुंफली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मला पुढचं कळलं.

"मी तुमच्या भावना समजू शकतो, मॅडम."

"माझ्या भावना राहू द्या सर. फोन आला की 'माणूस चांगला आहे' एवढं म्हणा."

"ते पॉलिसीत बसत नाही. एकाला चांगलं म्हटलं तर दुसऱ्याला का नाही, असा प्रश्न येतो."

"मग सगळ्यांना म्हणा. त्यातलं वाईट कोण होतं?"

"वाईट कुणीच नव्हतं. तसं आपण म्हणतही नाही आहोत. आपण न्यूट्रल आहोत."

"सर, तुम्ही बिडकीनचे ना? 'सांगता येणार नाही' म्हटल्यावर तिकडं काय समजतात, हे तुम्हाला माहीत नाही?"

"त्याचा इथे काय संबंध?" असं म्हणून त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. मी उभीच होते. थोड्या वेळाने ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "आणखी काही?" मी बाहेर आले. भित्रा माणूस मी समजू शकते. पण भित्रेपणाला पॉलिसी म्हणणारा आणि वर त्याचा पगार घेणारा माणूस समोर आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या महिन्यात पुण्याचे सर परत आले. पहिल्या शिकवणीचा आमच्यावर काय परिणाम झाला ते त्यांना बघायचं होतं. या वेळी समोसे होते, सगळ्यांना सारखे, म्हणजे तेवढी तरी सुधारणा झाली होती. पुन्हा खुर्च्या गोल मांडल्या, पुन्हा माइक. साहेब सरांच्या शेजारच्या खुर्चीत वही उघडून बसले. सर म्हणाले, "चला, आज फोनचा प्रसंग करून दाखवूया. कोण येतंय?"

कुणी उठेना. मी उठले. सर खूश झाले.

"छान! मॅडम फोन घेतील, मी फोन करतो. कुणाबद्दल विचारू?"

"असं करू सर," मी म्हटलं, "समजा आपले एचआरचे साहेब पुढच्या प्रवासाला निघालेत. आणि एक कंपनी त्यांना घ्यायचं म्हणतेय. तिथून फोन आलाय."

"वा! मस्त!" सर म्हणाले. साहेबांनीही हसून घेतलं. सरांनी कानाला हात लावला. "हॅलो, नमस्कार. तुमच्याकडचे एचआरचे साहेब आमच्याकडे यायचं म्हणतायत. माणूस कसे आहेत?"

मी शिकवल्याप्रमाणे श्वासभर थांबले. साहेबांकडे एकदा बघितलं, मग नजर खाली वळवली. अगदी शांत आवाजात म्हटलं, "त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

"परफेक्ट!" सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या एकट्याच्याच टाळ्या वाजल्या. पलीकडून कुणीतरी "अगागा" म्हणालं. स्टोअरचे काका समोसा खाता खाता म्हणाले, "गेले साहेब कामातून." आणि मग पूर्ण कँटीन हसायला लागलं. पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

साहेब ताडकन उठले. कानांपर्यंत लाल झाले होते. "ओ मॅडम! आसं नाय म्हणायचं! लोकं काय समजतेन? मी काय चोऱ्या केल्या व्हय इथं?"

हसणं थांबलं. जिभेवरची इस्त्री पार उतरली होती. पुण्याचे सर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "पण सर," ते साहेबांना म्हणाले, "आपलं हेच तर ठरलंय."

साहेबांनी वही मिटली. मी जागेवर येऊन बसले आणि माझा समोसा खाल्ला. गार झाला होता, पण चांगला लागला.

दुपारी साहेब माझ्या लॅबच्या खिडकीशी आले. एवढ्या वर्षांत ते त्या खिडकीशी कधी आले नव्हते, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते त्यांना कळेना. भाई जिथे कोपर टेकायचे तिथे त्यांनी हात ठेवला आणि काढून घेतला. "त्या बिडकीनवाल्यांचा नंबर आहे का तुमच्याकडं?" मी दिला. ते बाहेर भंगाराच्या ढिगाशेजारी जाऊन फोनवर बोलले. काचेतून मला दिसत होतं. एक पिन मशीनवर लावून आकडा येईपर्यंत त्यांचं बोलून झालंसुद्धा. आत येऊन म्हणाले, "सांगितलं," आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. बाकीच्या दोन्ही ठिकाणीही त्यांनीच फोन केले, असं नंतर कळलं.

कुणाला वाटेल की त्यानंतर माझं त्यांच्याबद्दलचं मत बदललं असेल. मुळीच नाही. त्यांना काय चूक, काय बरोबर हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वतःच्या अंगावर आलं तेव्हा बोंबलले, एवढंच. पॉलिसी अजूनही तीच आहे. फोन आला की साहेब उठून भंगाराकडे जातात आणि तिथे खरं बोलतात. आमच्या कंपनीत खरं बोलायची जागा तेवढीच उरली आहे.

बिडकीनची ती जागा तोवर भरली होती. त्यांची दुसरी भट्टी सुरू झाली तेव्हा त्यांनी भाईंना बोलावलं, आणि या वेळी बूट खरंच दिले. ते बूट घालूनच भाई रविवारी आमच्याकडे आले. या खेपेला आत आले, खुर्चीवर बसले. तिथल्या लॅबमधला पोरगा काही कामाचा नाही, भांडतच नाही, सांगितलं ते ऐकतो, अशी तक्रार केली. मी चहा ठेवला. कप हातात घेतल्यावर त्यांनी विचारलं.

"ताई, साहेबांनी त्या मॅनेजरला नेमकं काय सांगितलं? कायतरी लई मोठं सांगितलं असंल. एवढे दिवस अडकलेलं काम झालं म्हणल्यावर."

मला माहीत होतं. बिडकीनच्या मॅनेजरनेच मला नंतर सांगितलं होतं.

"ते म्हणाले, माणूस चांगला आहे, घ्या."

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही भाई. फोन ठेवला."

भाईंनी कप खाली ठेवला. चहावर साय धरायला लागली होती.

"बस?" ते म्हणाले. "इत्ताच बोलना था?"

मी होय म्हटलं.